दर सांगताना माझी जीभ अडायची: सावंतवाडीतल्या दोन बैठकांचा अनुभव

मी कुडाळला राहते. मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनातून स्थापत्यची पदविका घेतली, अकरा वर्षं स्वतंत्रपणे घरांचे नकाशे काढते आणि बांधकामावर देखरेख करते. लोक मला आर्किटेक्ट म्हणतात, मी दर वेळी दुरुस्त करते, कारण १९७२च्या कायद्याप्रमाणे ते नाव नोंदणी असलेल्यांनीच लावायचं असतं. हा अनुभव घराच्या कामाचा नाही. माझ्या फीच्या हिशोबासाठी मी एका सल्लागार ताईंकडे गेले होते, त्या सेवेबद्दल लिहिते आहे. ताईंचं नाव त्यांच्याच विनंतीवरून लिहीत नाही, महिन्याला त्या मोजकीच माणसं घेतात. पण त्यांनी जे करून घेतलं ते चांगल्या कर सल्लागाराकडे बसून कुणालाही करून घेता येईल, म्हणून तपशिलात लिहिते.

सेवा अशी आहे. पहिली बैठक दोन तासांची, २,५०० रुपये. साधारण दोन महिन्यांनी दुसरी, एक तासाची, १,५०० रुपये. मोती तलावाजवळ एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर खोली आहे. ताई पूर्वी सहकारी बँकेत होत्या, आता छोट्या व्यावसायिकांची विवरणपत्रं भरतात आणि त्याबरोबर हे काम करतात. वेळ फोनवर ठरते आणि पैसे आदल्या दिवशी भरायचे. हे ऐकून मी फोनवरच गप्प झाले होते. मी कधी कुणाला बसण्याआधी पैसे मागितले नव्हते. त्या म्हणाल्या, "भरल्यावर कळवा, मग मी ती वेळ दुसऱ्या कुणाला देत नाही." आवाजात कसलीच अढी नव्हती, सरबतात साखर किती ते सांगावं तसं.

बरोबर काय आणायचं तेही त्यांनी सांगितलं: गेल्या आर्थिक वर्षातल्या सगळ्या कामांची यादी, बँकेचं पासबुक, पेट्रोलच्या पावत्या, आणि दोन आठवडे लिहिलेली वेळेची वही. वहीत दर तासाला काय केलं ते लिहायचं, फोनसुद्धा. माझी पहिली नाराजी इथेच होती, कारण दोन आठवडे असं लिहिणं फार जाचक आहे. पण सगळ्यात मोलाचं तेच ठरलं, म्हणून टाळू नका. मुंबईहून येणाऱ्या एका चाकरमानी कुटुंबाचे त्या दोन आठवड्यांत मला ४१ फोन आले होते, बहुतेक रात्री साडेनऊनंतर, मिळून सात तास. त्यांच्या सातबाऱ्यावर चौदा नावं आहेत आणि संमतीसाठी प्रत्येक हिस्सेदाराला नकाशा समजावून सांगायची जबाबदारी न बोलता माझ्यावर आली होती. आमच्याकडे सामाईक जमिनीत घर बांधणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. त्या कामाची माझी पूर्ण फी १२,००० रुपये होती.

जून २०२५च्या पहिल्या आठवड्यात गेले. पाऊस धो धो, स्कूटरवरून जाताना कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पोटाशी धरले होते. ताईंनी आधी पंचा दिला, चहा दिला आणि मग पाटीवर लिहावं तसं एका कोऱ्या कागदावर हिशोब मांडला. माझा आकडा मीच जाहीर करते, कारण त्याशिवाय हा अनुभव सांगण्यात अर्थ नाही. २०२४-२५ मध्ये लहानमोठी २३ कामं, मिळालेले ४ लाख १८ हजार. पेट्रोल, प्लॉटरचे प्रिंट, सॉफ्टवेअरचं वार्षिक भाडं, फोन, गाळ्याचं भाडं, मदतनीस मुलाचा पगार, सगळं मिळून १ लाख ४६ हजार. राहिले २ लाख ७२ हजार. वर्षाचे पन्नास आठवडे, सहा दिवस, रोज नऊ तास धरले तर २,७०० तास. भागाकार त्यांनी मला करायला लावला. तासाला शंभर रुपये.

माझ्या साइटवरचा चिरा लावणारा गवंडी दिवसाला हजार घेतो, म्हणजे आठ तासांचे तासाला १२५. त्याचे त्याला मिळालेच पाहिजेत, उन्हात जांभ्याची धूळ खाऊन तो काम करतो. पण ती भिंत कुठे उभी करायची, खिडकी कुठे सोडायची, पाऊस कुठल्या बाजूने झोडपतो म्हणून पागोळी किती पुढे काढायची, हे ज्या कागदावर ठरतं तो कागद मी देते. तो आकडा बघून मला रडू आलं. ताईंनी रडू दिलं. "होईल सगळं" वगैरे काही म्हटलं नाही. खिडकीतून तलाव दिसत होता, पावसाने पाणी काठाला टेकलं होतं.

मग त्यांनी विचारलं, कमी फीमुळे काय काय झालं ते सांग. मला वाटलं त्यांना घरातली ओढाताण ऐकायची आहे. मी आईच्या औषधांचं, पाच वर्षं जुन्या लॅपटॉपचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुझं नाही, ज्यांचं घर बांधलंस त्यांचं."

तेव्हा मी परुळ्याच्या बाजूच्या घराची गोष्ट पहिल्यांदा कुणाला तरी सांगितली. ते काम मी ९,००० रुपयांत घेतलं होतं, नकाशा आणि देखरेख दोन्ही धरून. पाया, जोतं, दारं-खिडक्यांवरच्या लिंटेलपर्यंत मी सात-आठ वेळा गेले आणि पैसे पेट्रोलातच संपले. खिडक्यांवरच्या छज्ज्यांचं काँक्रीट ओतायचं होतं त्या दिवशी माझ्याकडे कुडाळात दुसरं काम होतं आणि मी मनाशी म्हटलं, कंत्राटदार जुना आहे, बघेल. छज्जा भिंतीतून बाहेर लोंबतो, त्यामुळे ताण वरच्या अंगाला येतो आणि मुख्य सळई वरच लागते. कामगारांनी ती स्लॅबच्या सवयीने खाली बांधली. मी गेले असते तर ओतण्याआधी दोन मिनिटांत दिसलं असतं. सेंटरिंग, म्हणजे खालच्या आधाराच्या फळ्या, काढल्यावर भिंतीलगत भेग पडली. चार छज्जे फोडून पुन्हा करावे लागले. कुणाला इजा झाली नाही, पण त्या घरच्या काकांनी निवृत्तीच्या पैशातून तो खर्च केला आणि मला एका शब्दाने बोलले नाहीत. मी त्यांना दोन वर्षं तोंड दाखवलं नाही.

कमी पैसे घेणं हा माझा चांगुलपणा आहे, असं मी अकरा वर्षं मानत आले होते. आमच्याकडे तसं कौतुकही होतं, "पोरगी गुणाची, पैशाच्या मागे नाही." त्या दुपारी ताईंनी माझ्या पुढ्यात ठेवलं ते हे, की ज्या कामाचे पैसे पुरत नाहीत त्या कामातली एखादी फेरी कधीतरी गळतेच, आणि गळते तेव्हा नुकसान घरवाल्याचं होतं. मी या सेवेला पैसे दिले ते या एका गोष्टीसाठी दिले असं आता वाटतं. बाकी हिशोब मला कुणीही शिकवला असता.

तरी तो हिशोब सांगते. वहीवरून दिसलं की २,७०० तासांपैकी प्रत्यक्ष नकाशा आणि साइटचे, म्हणजे ज्यांचं बिल करता येईल असे तास फक्त १,२०० आहेत. उरलेले ग्रामपंचायतीत थांबणं, प्रिंट आणणं, फोन, वसुलीच्या फेऱ्या. दर काढायचा तो १,२०० वर, २,७०० वर नाही. घरखर्चाला महिना ४० हजार म्हणजे वर्षाला ४ लाख ८० हजार, धंद्याचा खर्च १ लाख ४६ हजार, आणि आजारपण, म्हातारपण, नवीन लॅपटॉप यासाठी बाजूला ६० हजार. बेरीज ६ लाख ८६ हजार. भागिले १,२०० म्हणजे ५७२च्या आसपास. ताईंनी ६०० लिहिलं. हजार चौरस फुटांच्या घराला, ठरावीक आठ साइट भेटी धरून, माझे ७० तास जातात. म्हणजे ४२ हजार.

मी म्हटलं, एवढे इथे कुणी देणार नाही. त्यांनी विचारलं, घर केवढ्याला होतं? दोन हजार रुपये चौरस फूट धरले तर वीस लाख. त्यातले ४२ हजार म्हणजे दोन टक्क्यांच्या जरा वर. दारं-खिडक्यांच्या लाकडात लोक त्याहून जास्त इकडचे तिकडे करतात. हे मी स्वतः रोज बघत होते आणि तरी मला कधी दिसलं नव्हतं.

माझ्या मनात आणखी एक भीती होती आणि ती माझ्यासारख्या बऱ्याच जणांच्या मनात असेल: जास्त घेतलं की कर आणि जीएसटी मागे लागेल. ताईंनी ती पाच मिनिटांत काढली. सेवा देणाऱ्याला जीएसटी नोंदणी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की लागते. इंजिनीअरिंगचा व्यवसाय गृहीत उत्पन्नाच्या योजनेत बसतो, जमेच्या निम्मं उत्पन्न दाखवलं की जाडजूड हिशोबवह्या ठेवाव्या लागत नाहीत. मर्यादा ५० लाखांची, रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांची. आणि २०२५च्या अर्थसंकल्पानंतर नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर पडत नाही. मी ज्या उंबरठ्याला घाबरत होते तो माझ्यापासून कितीतरी लांब होता.

बैठकीचा शेवटचा अर्धा तास मला सगळ्यात अवघड गेला. त्यांनी मला दर बोलायला लावला. त्या झाल्या घरवाल्या, मी मी. आणि त्या अस्सल मालवणीत सुरू झाल्या, "गो, आपल्याच घराचा काम आसा. तुका काय व्हया ता घे, पण जरा बघून घे." मी म्हटलं, "बेचाळीस हजार," आणि श्वास न घेता पुढे, "पण बघा, तुम्ही आपलेच, पस्तीस द्या." समोरून कुणी काही बोललंच नव्हतं! माझे सात हजार मीच कापले. सहा वेळा केलं, सहाही वेळा आकड्यानंतर माझी जीभ थांबेना. सातव्या वेळी त्यांनी सांगितलं, आकडा बोललीस की कपातला चहा पी, तोंड त्यातच ठेव. ते जमलं. त्यावर त्या म्हणाल्या, "इतके? तो कणकवलीचो पंधरा हजारात करता." त्याला उत्तर ठरलं: "करत असतील. माझ्या कामात काय काय येतं ते लिहून पाठवते, वाचून ठरवा." कणकवलीच्या माणसाबद्दल वाईट बोलायचं नाही. आणि फोनवर, बाजारात, देवळाच्या पायरीवर कुणी "किती घेशील?" विचारलं तर तिथे आकडा सांगायचाच नाही. जागा आणि कागद बघून दोन दिवसांत लिहून पाठवते, एवढंच म्हणायचं. माझे जवळपास सगळे तोट्याचे सौदे असे उभ्या उभ्या झालेले होते.

त्यांनी दरपत्रकाचा नमुना दिला. तो इंग्रजीत आहे आणि ही या सेवेतली मोठी त्रुटी. ज्यांना तो वाचायचा आहे ती माणसं मराठी वाचतात. मी दोन रात्री बसून तो मराठीत लिहून काढला: सुरुवातीला २० टक्के आणि त्याआधी रेघ मारायची नाही, नकाशा पक्का झाला की ३०, बांधकामाचे सविस्तर नकाशे देताना २५, उरलेले साइट भेटींच्या टप्प्यांवर. दोन बदल फीमध्ये, तिसऱ्यापासून प्रत्येकी १,५००. आठच्या वर प्रत्येक भेट १,८००. हिस्सेदारांशी बोलणं घरातल्या एका माणसाने करायचं, मी एकदाच सगळ्यांना बसवून समजावणार. फोन सकाळी नऊ ते संध्याकाळी सात.

एका बाबतीत माझं ताईंशी पटलं नाही आणि अजून पटत नाही. त्यांचा नियम असा की कुणाला परवडत नसेल तर दर कमी करू नये, काम कमी करावं, उदाहरणार्थ नुसता नकाशा द्यावा, भेटी काढून टाकाव्यात. कापड शिवणाऱ्याला किंवा फोटो काढणाऱ्याला हे बरोबर असेल. मी छज्जे फुटताना बघितले आहेत. पाया, लिंटेल-छज्जा आणि स्लॅब या तीन ओतकामांच्या आदल्या दिवशीची भेट मी कुठल्याच दरपत्रकातून काढत नाही. रंगसंगती, फर्निचरचे नकाशे, समोरच्या बाजूची चित्रं वगळते, ती भेट नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि वहीत लिहून ठेवलं, हे मला आवडलं.

फुकट कामाबद्दलही त्या ताठर नाहीत. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांची कौलं आणि पत्रे उडाले तेव्हा मी दहा-बारा दिवस घरोघर जाऊन वासे आणि भिंती तपासल्या होत्या, एक पैसा न घेता. मी विचारलं, तेही चुकलं का? त्या म्हणाल्या, ते तू ठरवून दिलंस, त्यात चूक काय? पुढे असं करशील तेव्हा पूर्ण रकमेचं बिल कर आणि खाली तेवढीच सवलत लिही, म्हणजे घेणाऱ्याला आणि तुलाही कळेल काय दिलं ते. आता वर्षाला दोन घरं मी अशी धरते. पहिलं बिल निवतीच्या एका विधवा वहिनींना दिलं. त्यांनी ते गणपतीचं सामान ठेवायच्या कपाटात जपून ठेवलंय.

दुसरी बैठक ऑगस्टमध्ये, चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात झाली आणि ती फसली असं मी स्पष्ट लिहिते. तासाभरात त्यांना अकरा फोन आले, दोन माणसं कागद घेऊन दारात उभी. मला नीट वेळ द्यायला हवा होता, कारण तोपर्यंत माझी अवस्था वाईट होती. जुलैपासून फक्त एक काम मिळालं होतं. आई रोज विचारायची, "काम नाय काय गो हल्ली?" नात्यातल्या एका मामांना मी दरपत्रक पाठवलं तर त्यांनी ते घरच्या ग्रुपवर टाकलं, खाली लिहिलं की हिला आता आपली माणसं दिसत नाहीत. ते दुसरीकडे गेले. ते दुखलं, आणि अजून दुखतं. ताईंना मी हे तक्रार म्हणून सांगितलं. त्यांनी चूक मान्य केली आणि न मागता ऑक्टोबरमध्ये एक तास आणखी दिला, तो मात्र फोन बंद ठेवून.

त्या जादा तासात थकबाकीचं काम झालं. किनाऱ्यावरच्या एका निवासाच्या मालकाकडे माझे ३८ हजार नऊ महिने अडकले होते. ताईंनी माझी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आधीच करून घेतली होती. ही नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे, सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅनवर मोफत होते, कुणी पैसे मागितले तर देऊ नका. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीच्या २००६च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय व्यवसाय करणाऱ्या ग्राहकाने मुदतीत पैसे दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च त्याला आयकरात वजा करता येत नाही, ही तरतूद २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झाली. माझं जुनं काम नोंदणीच्या आधीचं होतं, म्हणून आम्ही कायद्याचा धाक न घालता साधं, तारखा आणि रकमा लिहिलेलं स्मरणपत्र पाठवलं. तीन आठवड्यांत पैसे आले. अकरा वर्षांत मी कुणाला लेखी स्मरणपत्र पाठवलंच नव्हतं, नुसती समोरून जाताना हसायचे आणि आशा करायचे. तुमची नोंदणी राहिली असेल तर पुढचं काम घेण्याआधी करून टाका.

जुलै ते डिसेंबरचा ताळेबंद: नऊ दरपत्रकं पाठवली, चार नाकारली गेली, पाच घरं मिळाली, एकूण २ लाख ६ हजारांची. त्यातले १ लाख ६२ हजार आले, ४४ हजार टप्प्यांप्रमाणे यायचे आहेत. आदल्या वर्षी याच सहा महिन्यांत नव्या कामांचे १ लाख ९० हजार आले होते, म्हणजे हातात आलेली रक्कम कमीच आहे, हे लपवत नाही. पण तेव्हा अकरा कामं होती. आता पाच आहेत आणि पाचही घरांच्या प्रत्येक ओतकामाच्या आदल्या दिवशी मी सळ्या मोजायला हजर होते. डिसेंबरात परुळ्याच्या काकांकडेही जाऊन आले. त्यांनी सोलकढी पाजली आणि पुतण्याच्या घराचं विचारलं. दोन दिवसांनी मी दरपत्रक पाठवलं, पूर्ण दराचं, आणि नंतर फोन केला नाही. पाचवं घर ते आहे.

पाचपैकी चार गुण देईन. एक कापला तो इंग्रजी नमुन्यासाठी आणि चतुर्थीच्या बैठकीसाठी. घर, शिवण, फोटो, हिशोब, भाषांतर, कसलंही स्वतःचं काम करणाऱ्यांनी जावं. जून किंवा नोव्हेंबर चांगला, ऑगस्ट नको, आणि जुलैत विवरणपत्रांची घाई असते. वेळेची वही खरी लिहा, ताईंना खोटी लगेच कळते. चार हजार रुपये जास्त वाटले तर पहिलीच बैठक घ्या.

जिना जुन्या लाकडाचा आणि उभा आहे, वयस्कर माणसांना बरोबर कुणी तरी लागेल. चढताना उजव्या कठड्यावर भार देऊ नका, वरून तिसऱ्या पायरीशी तो खिळ्यांतून सुटलाय. मी ताईंना सांगितलंय. येत्या मंगळवारी माप घ्यायला जाते आहे, भेटीचे १,८०० त्यांनी काल भरले.